आपल्या गल्लीत वायर येत नाही

आई गेली हे लेकीला कळलं ते बाप जिन्यात असताना, आणि त्याने एक शब्दही न बोलता कळलं.

बाप गाद्या आणि सोफे शिवायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, त्यामुळे लहानथोर सगळे त्याला गादीवालाच म्हणत. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली बायको पहाटे तिथेच वारली. लेक सातासमुद्रापलीकडे, दिवस भरत आलेली. तिचा नंबर बायकोच्या फोनमध्ये होता, पण तो फोन कसा लावायचा हे गादीवाल्याला ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायची. तिच्याकडून लावून घेऊ, असं ठरवून तो फोन खिशात टाकून घरी आला आणि स्वतःच्या दारावरून पुढे जिना चढला.

नर्सबाईच्या दाराशी पोहोचायच्या आतच, वळणावर, खिशातला फोन टुणटुण वाजायला लागला. एकामागून एक निरोप येत होते. गादीवाला चक्रावला. दवाखान्यात रात्रभर गप्प बसलेलं हे यंत्र इथे येऊन का बोलायला लागलं? त्याने ते बाहेर काढलं, अंगठा कुठेतरी लागला आणि त्यावर लेकीचं तोंड आलं.

"आई, काल कुठे होतीस गं? वाट बघून बघून..." लेक थांबली. "बाबा? तुम्ही? तुम्ही जिन्यात काय करताय?"

गादीवाला फोन दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत राहिला.

"बाबा, आई कुठंय?"

फोन त्याच्या हातात तिरका झाला. लेकीला आधी छत दिसलं असेल, मग भिंत, मग पुन्हा बापाचं तोंड. तिला जे कळायचं ते त्या तोंडावरून कळलं. तिचा हुंदका ऐकून नर्सबाई दार उघडून बाहेर आली, तिने फोन हातातून घेतला आणि जे सांगायचं ते तीच हळू आवाजात सांगत राहिली. बाप पायरीवर बसून होता. आपल्या पोरीला एवढंसुद्धा आपल्याला सांगता आलं नाही, हीच त्या दिवसाची पहिली लाज. दुसरी लगेच मागून आली.

बोलणं संपल्यावर नर्सबाईने घरातून एक छोटी चौकोनी गादी आणली. "फरशी गार आहे, दादा. ही घ्या खाली. वहिनींचीच आहे."

गादीवाल्याने गादी हातात घेतली आणि कापड ओळखलं. तपकिरी रेक्झिन, त्याच्याच दुकानातला कापून उरलेला तुकडा. शिवण मात्र त्याची नव्हती. हाताने घातलेले टाके, कडेची दोरी एका कोपऱ्यात वाकडी गेलेली. साऱ्या गावाच्या बुडाखाली मऊ गाद्या घालणाऱ्याच्या बायकोने स्वतःसाठी ही चोरून शिवली होती.

"हिची गादी तुमच्याकडे कशी?"

नर्सबाई जरा घुटमळली. "माझं वायफाय इथवर येतं ना. त्या रोज इथे बसून लेकीशी बोलायच्या. मी ड्युटीवर असले तर घराला कुलूप असायचं. किल्ली देते म्हटलं, आत बसत जा. तर म्हणाल्या, नको, इथेच बरी. हे अचानक आले तर बादली शेजारी असलेली बरी, कपडे वाळत घालायला निघालेय असं वाटेल."

बादली म्हटल्याबरोबर गादीवाल्याला सगळं आठवलं. सकाळच्या दुसऱ्या चहाला तो दुकानातून घरी यायचा तेव्हा बायको बरेचदा गच्चीवर गेलेली असायची. खाली आली की तो विचारायचा, "कपडे वाळत घालतेस की तिथेच वाळेस्तोवर फुंकर मारत बसतेस?" ती म्हणायची, "ऊन कमी आहे हो." आणि चहा टाकायची.

कपडे गच्चीवर जायला लागले तेही त्याच्याच पायी.

झालं होतं असं. गल्लीतलं जुनं केबल बंद पडलं तेव्हा दोनच वाटा उरल्या. एक, केबलवाल्याची नवी वायर. तिच्यात टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही मिळायचं, पण गादीवाल्याला हवं असलेलं मॅचचं चॅनल नव्हतं. दुसरी, छत्री, म्हणजे डिश. तिच्यात ते चॅनल होतं, पण इंटरनेट नव्हतं. तिसरी वाट नव्हतीच. समोर उंच इमारत उभी राहिल्यापासून मोबाईलवरचं बोलणंदेखील घरात तुटक यायचं, तिथे नेट कुठलं चालायला?

बायको म्हणाली होती, "वायर घेऊ या का? पोरगी दिसेल तरी."

"दिसायला ती काय टीव्हीत काम करते?" गादीवाला म्हणाला होता. "आवाज येतो ना फोनवर? मग झालं. मला दुकानातून आल्यावर मॅच लागते."

ती हसली होती. तो विनोद त्याने पुढे दुकानात चारचौघांनाही ऐकवला. केबलवाला वायरीचं भेंडोळं घेऊन दाराशी आला तेव्हा त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, म्हणाला, "तुझ्या वायरीपायी माझ्या भिंतीची चाळण होईल." मग डिशवाला आला. त्या इमारतीमुळे छत्रीला आभाळ मिळेना. मिळालं ते फक्त गॅलरीच्या एका कोपऱ्यात, जिथे बायकोची कपड्यांची दोरी होती. दोरी काढली. भिंतीला भोकं पडली ती पडलीच, वायरीच्या भोकांपेक्षा मोठी. बायको बादली उचलून गच्चीवर जायला लागली.

दिवसकार्य उरकलं, नातेवाईक पांगले. लेकीला येणं शक्य नव्हतं, डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केली होती. तेव्हा गादीवाला रोज सकाळी दुकान उघडं टाकून जिन्यात जाऊन बसायला लागला. खाली तीच तपकिरी गादी. येणारे-जाणारे त्याला वाट द्यायला अंग चोरायचे, आणि कोणाच्याच चेहऱ्यावर नवल दिसायचं नाही. बिऱ्हाडाबिऱ्हाडाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या नवऱ्याला.

एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, किती दिवस असं जिन्यात बसणार? कंपनीला मी तीनदा कळवलंय. आपल्या गल्लीत वायर आणायला त्यांना होतं काय?"

"कसली वायर?"

"नेटची हो. आई सांगायची ना, आपल्या गल्लीत येतच नाही म्हणून. आणि तुम्ही किती खटपट केलीत तेही सांगायची. केबलवाल्याच्या दारात खेपा घातल्यात म्हणे, त्याच्याशी भांडलात. मी यांना म्हणते, माझे बाबा तसे कडक, पण आईसाठी हट्टाला पेटले तर पेटले."

गादीवाल्याला तोंड कुठे लपवावं कळेना. लपवायची सोयच नव्हती, समोर लेक बघत होती. "हं," म्हणाला. त्या 'हं'वर लेक समाधानी झाली, हे त्याला फार लागलं. बायकोने इतके दिवस त्याची बाजू लेकीपुढे झाकून धरली होती, आणि आता ती नाही तर झाकण धरायचं काम तो स्वतः करत होता.

दुपारी तो केबलवाल्याकडे गेला. दुकान म्हणजे एक बोळ, दोन्हीकडे वायरींची भेंडोळी टांगलेली. केबलवाला स्टुलावर बसून कसलासा डबा उघडत होता. त्याने मान वर केली, उठला आणि स्टूल पुढे सरकवलं. त्याने एखादा टोमणा मारला असता तर गादीवाल्याला बरं वाटलं असतं.

"बसा काका. काकूंचं कळलं मला."

"वायर पाहिजे होती," गादीवाला म्हणाला. "टीव्ही नको. नुसतं नेट दे. भिंतीला भोकं पाड हवी तेवढी."

केबलवाल्याने हातातला डबा त्याच्यापुढे धरला. "हे बघा. खांबावर असा एक डबा असतो. त्याला आठ तोंडं. एक घर, एक तोंड. तुमच्या खांबावरची आठही गेली. एक मी राखून ठेवलं होतं बरेच दिवस."

"कोणासाठी?"

"काकूंसाठी. दोनदा आल्या होत्या. म्हणाल्या, यांचं मन वळवते, तोवर कोणाला देऊ नकोस. मी चिकटपट्टी लावून ठेवली त्या तोंडावर. मग एक दिवस त्याच येऊन म्हणाल्या, देऊन टाक बाबा, अडवून कशाला ठेवतोस."

"कधी?"

"झाले की काही महिने. शिकवणीवाल्यांनी घेतलं ते."

"मग नवा डबा?"

"वरून मिळत नाही. एका गल्लीसाठी दुसरा देत नाहीत. दुसऱ्या कंपनीची वायर इकडे फिरकत नाही, डिशवाला नेट देत नाही. कोणी घर सोडून गेलं तर तुमचा नंबर पहिला, एवढं मी करतो." मग म्हणाला, "काकू कधी तुम्हाला नावं ठेवत नव्हत्या हो. म्हणायच्या, दिवसभर वाकून सुई चालवतात, संध्याकाळी तेवढीच मॅच."

गादीवाला उठला. परत येताना शिकवणीच्या खिडकीत शिरणारी काळी वायर त्याला दिसली. तो मान खाली घालून पुढे गेला.

संध्याकाळी त्याने पाना घेतला आणि छत्री काढायला बसला. बोल्ट गंजले होते, बोटं सोलवटली. छत्री उतरवून भिंतीशी उलटी ठेवली, आणि तिच्याच भोकांत खिळे ठोकून दोरी बांधली. दोरीवर घालायला त्याचे दोन सदरे होते, ते घातले. बाकीचं, बायकोचं, कपाटात होतं, ते वाळत घालायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात लेक म्हणाली, "काल मोठी मॅच होती ना, बाबा? पाहिलीत का?"

"नाही. छत्री काढून टाकली."

"अगंबाई. का?"

हीच ती वेळ होती. नर्सबाई कामावर होती, जिना रिकामा होता, लेक शांतपणे ऐकायला बसली होती. तुझ्या आईने मागितली होती वायर, आणि मी मॅच घेतली, एवढंच तर म्हणायचं होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं. मग त्याच्या मनात आलं, एवढी एक गोष्ट तिच्या आईने आपल्यासाठी पोरीच्या मनात जपून ठेवलीय. ती आपणच मोडायची? आणि हेही त्याला लगेच कळलं, की हा विचार सोयीचा आहे म्हणूनच सुचतोय.

"गंजली होती," तो म्हणाला.

"बरं झालं. आणि वायरीचं विचारलंत का पुन्हा?"

"विचारलं काल. नाही मिळत आपल्या गल्लीत."

आता ते खरं होतं. केबलवाल्याने तोंडावर सांगितलेलं, आठही तोंडं भरलेली. पण बोलताना गादीवाल्याची नजर वर उठली नाही. ती गादीच्या वाकड्या कोपऱ्यावर होती. तो टाका उसवून सरळ करावा असं त्याच्या हाताला रोज वाटायचं, आणि रोज तो तसाच ठेवायचा.

"तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ," लेक म्हणाली. "बाळ झालं की पहिलं तुम्हाला दाखवीन. त्या दिवशी जिन्यातच बसून राहा, हलू नका."

"नाही हलत," तो म्हणाला.

बाळ झालं. मुलगी आहे. आजोबांनी तिला जिन्यात बसून पाहिलं, आणि नर्सबाईने दारातून. गल्लीत अजून कोणी घर सोडलेलं नाही, त्यामुळे वायर आलेली नाही. लेकीला खरं सांगायचं राहिलं आहे.