काजाचा टाका

भव्याचं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. हळदीला बारा दिवस उरले होते. सोयराबाईंनी खुर्ची ओढून थेट शिडीखाली लावली आणि वर तोंड करून बसल्या.

"आज्जी, स्वल्प सरका. धूळ पडालीय," शिडीवरून योगीराज म्हणाला. हा बेळगावकडचा वायरमन नातीनं, भव्यानंच, शोधून आणला होता.

"पडू दे. तुझ्या डोळ्यांत तर नाही ना पडत?"

राजाजीनगरातल्या त्या घरात भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांतून पन्नास वर्षांची वायर फिरली होती. भव्याला नुसते नवे दिवे हवे होते. योगीराज म्हणाला, वायर बदलल्याशिवाय मी एकही दिवा लावणार नाही. तेव्हापासून सोयराबाईंचे डोळे त्याच्या हातांवर होते. त्यानं काढलेला प्रत्येक स्क्रू त्या ताटलीत ठेवून घेत.

"पोलीस बसल्यागत बसल्यात की आज्जी," तो भव्याला म्हणाला.

"सगळ्याच वायरमनवर बसते ती. मनाला लावून घेऊ नका, अण्णा."

सोयराबाईंनी आणखी एक स्क्रू ताटलीत टाकला. तीस वर्षांपूर्वी इस्त्रीच्या टेबलापाशी त्यांच्या नणंदेला, सुनंदाला, विजेनं धरलं होतं. ती वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. घरातली वायर विश्वेश्वर वायरमननं ओढलेली. सोयराबाईंचे यजमान गुंडूराव, गल्लीतले नामांकित कोट शिवणारे, त्याला सदऱ्याला धरून चौकात घेऊन गेले. 'टेबलापाशी मी वायर नेलीच नाही,' असं तो हात जोडून सांगत होता. सोयराबाईंनीही त्याला चार शब्द ऐकवले होते. त्यानंतर त्या भागात त्याला कुणी दार उघडलं नाही.

दुपारी योगीराजनं इस्त्रीच्या जागेवरची पट्टी उचकटली आणि मोठ्यानं हसला.

"हे बघा! शिंप्यानं वायरिंग केलंय!"

"काय आहे ते? इकडे दे." सोयराबाई उठल्या. हा खिशातून काहीतरी काढून दाखवतोय, असंच त्यांना वाटलं.

त्यानं वायरचा बोटभर तुकडा कापून त्यांच्या हातावर ठेवला. जोडावर टेप नव्हती. कॉलरमध्ये घालतात ते बकरम गुंडाळून वरून दोऱ्यानं शिवलं होतं. एका बाजूनं ते जळून काळं झालं होतं.

सोयराबाई तो तुकडा घेऊन खिडकीपाशी गेल्या. काजाचा टाका होता तो, दाट, एकासारखा एक. गाठी मात्र उलट्या बाजूला पडलेल्या. त्यांनी नखानं एक गाठ चाचपली. गुंडूराव डावखुरे होते. अख्ख्या गल्लीत असा काज दुसऱ्या कुणाचा पडत नसे.

"वायरमन असं करेल का रे?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"छे हो. शिवत बसायला त्याला वेळ कुठला? आणि इस्त्रीला पाणी शिंपडतात ना, कापड ओल धरतंय. मागनं कुणीतरी घरच्या घरी वायर वाढवलीय. सरी, असू दे, टाकून द्या ते."

त्यांनी तो तुकडा कमरेला खोचला. खुर्चीकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत. ताटलीतले स्क्रू तसेच राहिले.

"आज्जी, मोठ्या खोलीतला दिवा कुठं लावू?" योगीराजनं विचारलं.

"तुला बरं दिसेल तिथं लाव, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भव्याला घेऊन त्यांनी शहराबाहेरच्या आनेकलची बस धरली. विश्वेश्वर तिकडे लेकीकडे राहतो, एवढं त्यांच्या कानावर होतं. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. लेक कावेरी दारात आली.

"विश्वेश्वर वायरमन आहेत का?" सोयराबाईंनी कन्नडात विचारलं. "जरा काम होतं."

"कुठून आलात, अक्का?"

"राजाजीनगर."

कावेरीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उंबऱ्यातून बाजूला झाली.

"आत या. ऊन आहे. पण राजाजीनगरातलं काम अप्पा कधीच घ्यायचे नाहीत."

विश्वेश्वर वायरमन भव्याच्या लग्नाच्या त्याच वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारला होता.