गिरणीवाल्या बाईचा घसा

मनकर्णाबाईंचा आवाज शहागंजातल्या अर्ध्या गल्लीला पाठ होता. तीस वर्षं चालत्या गिरणीच्या वरताण ओरडून "ज्वारी कुनाची? बाजरी बारीक का भरड?" असं विचारायचं, तर गळ्यात कोकिळा कुठून राहणार? हातांचीही तीच गत. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. छिन्नीनं दगड खरबरीत करता करता तळवेही तसलेच झाले. नवरा लवकर गेला. या हातांनी आणि या तोंडानंच त्यांनी शिवमला इंजिनिअर केलं.

आणि तोच शिवम शनिवारी म्हणाला, "आई, उद्या श्रेयाच्या घरचे येणारेत. तू काही बोलू नको. घसा बसलाय असं सांगतो मी."

"येकदम गप बसू?"

"हळू बोलतात गं ती माणसं. आणि हात जरा पदरातच ठेव. मागं माझ्या साहेबांच्या बायकोची साडी हातात धरून बघितलीस, तर धागा निघाला."

मनकर्णाबाईंना लागलं. पण पोराचं जमत होतं, आणि पोरासाठी आईनं गिळायचं नाही तर कुणी? त्या हो म्हणाल्या.

रविवारी त्या दगडासारख्या बसून राहिल्या. श्रेया पाया पडायला वाकली. गोरीगोमटी, डोळ्यांत हसू. तिच्या गालावरून हात फिरवावा, कानशिलावर बोटं मोडावीत, असं फार आलं मनात. त्यांनी पदरातल्या पदरात मुठी आवळल्या. श्रेयाच्या आईनं दोनदा विचारलं, "ताई, पसंत आहे ना मुलगी?" मनकर्णाबाईंनी नुसती मान हलवली.

बुधवारी दुपारी शिवम तणतणत गिरणीवर आला.

"त्यांना वाटतंय तुझ्या मनात नाही. पोरीला हात लावला नाहीस, हूं का चूं केलं नाहीस. निदान हसायचं तरी."

"हसायचं सांगितलं नव्हतंस."

शिवमनं ऐकलंच नाही. त्यानं गिरणी बंद केली, फोन लावून आईच्या हातात दिला. "बोल आता. नीट बोल."

"तू भायेर जाय. तू समोर असला की माझं तोंड उघडत नाय."

तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पलीकडून श्रेयाच्या आईचा आवाज आला, आणि मनकर्णाबाईंना हळू बोलणं काही जमेना. गिरणी बंद असूनही त्या ओरडूनच बोलल्या.

"बाई, माझा आवाज ह्यो असा हाय. लई खरबरीत. घसाबिसा काय बसला नव्हता. पोरगं म्हनलं गप बस, म्हनून बसले. हात बी तसलेच, म्हनून लावले नाय. पोरगी मला लई पसंत हाय. सोन्यासारखी हाय."

"ताई, मी पाचोडची, खेड्यातलीच," श्रेयाची आई म्हणाली. "माझी आई शिवी दिल्याशिवाय ताटात भाकरी वाढत नसे. तुमचं काहीच वावगं नाही. उलट आज तुम्ही बोललात, बरं वाटलं. पण ज्याला आईची लाज वाटते, त्याला उद्या माझ्या मुलीची वाटायला कितीसा वेळ लागणार? राग मानू नका. आमच्याकडून नको आहे हे."

"पोरगं वाईट नाय वो," मनकर्णाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका खाली आला.

"नसेलही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शिवम धावतच आत आला. मनात लाडू फुटत असल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. "काय म्हणाल्या?"

"नको म्हनल्या."

"का?"

खरं सांगावं, एकदा तरी चांगलं ठणकावून सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या ऑफिसच्या शर्टाला खांद्यावर पीठ लागलं होतं. झटकायला त्यांनी हात उचलला आणि अर्ध्यावरूनच मागं घेतला.

"माझा आवाज आवडला नाय त्यान्ला."

शिवमनं खांदे पाडले. "तुला मी आधीच सांगत होतो, आई," तो म्हणाला.

मनकर्णाबाईंनी मान हलवली आणि गिरणी सुरू केली.