चेट्टियारच्या पाठीमागे

नवरात्रात अंबुजाबाईंच्या घरी सात पायऱ्यांचा कोलू मांडला जायचा. तंजावरहून सासूबरोबर आलेल्या मातीच्या बाहुल्या: वरच्या पायऱ्यांवर देव, खाली माणसं, आणि अगदी खाली डाळतांदळाचं दुकान थाटून बसलेला ढेरपोट्या चेट्टियार नि त्याची बायको. अड्यारमधल्या त्यांच्या इमारतीत आणखीही कोलू होते, पण बाईंच्या मते तो नुसता प्लास्टिकचा बाजार. नाक होतं बाईंना, आणि त्यावर माशी बसू द्यायची सवय नव्हती.

यंदा मात्र माशी बसली. नात रेवा साडेतीन वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. दोन्ही कानांवर मशीन होतं. ते लागल्यावर पोर हळूहळू बोलू लागली आणि पहिला शब्द बोलली तो ‘आजी’. तेव्हा अंबुजाबाई देवघरात जाऊन ढसाढसा रडल्या होत्या. म्हणजे नातीवर जीव नव्हता असं कुणी म्हणू नये. जीव होता आणि लाजही वाटत होती. माणसाच्या पोटात दोन्ही एकदम मावतं, हीच तर पंचाईत आहे.

सून वाणी सिरुसेरीला नोकरीला, मुलगा सुधींद्र श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पाळीवर. दिवसभर नात आजीच्याच पदराला. वाणीने तिच्यासाठी बालवाड्यांचे उंबरे झिजवले. एकीने जागा नाही म्हणून सांगितलं, दुसरीने खरं ते सांगितलं, की बाकीचे पालक कुरकुर करतील. शेवटी जवळच्याच एका लहानशा बालवाडीच्या विद्यालक्ष्मी टीचर म्हणाल्या, “विजयादशमीला घेऊन या. चार मुलांत बसली की शिकेल. तिला समोर बसवू, तिच्याकडे तोंड करून बोलू, आमचं सगळं आम्ही करू. तुम्ही एकच करा. पोर जागी असेपर्यंत मशीन कानावरून उतरता कामा नये.” त्या रात्री वाणी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

नवरात्राच्या पहिल्याच संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीने रेवाची वेणी बाजूला सारून कान पाहिला आणि म्हणाली, “अय्यो, पावम्!” बिचारी गं, एवढाच अर्थ. इथं रस्त्यातल्या लंगड्या कुत्र्यालाही लोक तेच म्हणतात. अंबुजाबाईंच्या काळजात तो शब्द काट्यासारखा रुतला.

दुसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली तशी त्यांनी नातीला जवळ ओढलं. “बाळी, माणसं आलीत. मशीन चेट्टियारला सांभाळायला द्यायचं, सरी?” दोन्ही मशिनं काढून त्यांनी चेट्टियारच्या पाठीमागे ठेवली. चालूच असल्यामुळे मशिनं तिथं बारीक शिट्टी वाजवत राहिली. रेवाला वाटलं खेळच आहे. पाहुण्या प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खाऊन, पोरीचं रूप वाखाणून गेल्या. कुणी पावम् म्हटलं नाही. अंबुजाबाईंनी नातीच्या तळहातावर खडीसाखर ठेवली. “शहाणी गं माझी बाय ती!”

पोर खरंच शहाणी. दोन दिवसांत स्वतःच शिकली. घंटा ऐकली की धावत जायची, मशिनं काढून चेट्टियारमागे लपवायची आणि हात पुढे करायची. आजीला वर कौतुकच. संध्याकाळी वाणी यायच्या आत मशिनं पुन्हा कानावर. कुणाला पत्ता नाही. आणि चार दिवसांचा तर प्रश्न, असं अंबुजाबाई स्वतःला समजावत. दसरा झाला की कोलू उतरेल, मग कशाला लपवायचं?

विजयादशमीला रेवाला नवा रेशमी परकर नेसवला. वाणीने मुद्दाम दोन्ही वेण्या वर बांधल्या, मशिनं लख्ख दिसतील अशा. रिक्षात अंबुजाबाईंनी मनाशी ठरवलं, आता पुरे झालं, आजपासून ताठ मानेने वागायचं.

बालवाडीत पोरं, आईबाप, आज्या, नुसती गर्दी होती. भिंतीशी शाळेचाही कोलू मांडलेला. वाणी टीचरशी बोलण्यात गुंतली, अंबुजाबाई चपला ठेवायला वळल्या, आणि तेवढ्यात रेवा आतल्या घोळक्यात मिसळली. मग तांदळाच्या ताटापाशी मुलांना एकेक करून बोलावणं सुरू झालं. बोट धरून पहिलं अक्षर गिरवायचं.

“रेवा!” टीचरनी हाक मारली. रेवा पाठमोरी, बाहुल्या बघत उभी. “रेवा कण्णा, वा, इकडे ये!” पोर ढिम्म. टीचरनी टाळी वाजवली. दोनचार मुलं हसली, एका आईने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. वाणी पांढरीफटक पडली.

तेवढ्यात अंबुजाबाईंना ती शिट्टी ऐकू आली. बारीक, सलग. कशाबशा त्या कोलूपाशी पोचल्या. इथलाही चेट्टियार तसाच ढेरपोट्या होता. त्याच्या पाठीमागे हात घालून त्यांनी दोन्ही मशिनं काढली.

“आई, मशिनं तिथं कशी गेली?” वाणी मागे येऊन उभी राहिली होती.

अंबुजाबाई गुडघे टेकून नातीच्या कानावर मशीन बसवू लागल्या. रेवाने दोन्ही हातांनी कान गच्च झाकले. “नको, आजी!” आपला आवाज स्वतःला ऐकू न येणारं पोर बोलतं तशी ती ओरडून बोलली. “माणसं आहेत!”

वाणीला कळलं. ती सासूकडे नुसती बघत राहिली.

“नाही गं राणी, घाल. मी चुकले, घाल गं,” अंबुजाबाई रडत रडत म्हणत होत्या. पण ते रेवाला ऐकू जायला आधी मशीन कानावर हवं होतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की आजीचे ओठ हलताहेत आणि भोवती खूप पाहुणे जमलेत.

आजी का रडते ते काही तिला समजेना. तिने एक कान खांद्याशी दाबून धरला, त्या कानावरचा हात मोकळा केला आणि खडीसाखरेसाठी तळवा पुढे केला.