पहिल्या रांगेतला आवाज

मौलाना तौकीर नगरसेवक झाले आणि त्यांच्या चुका होणं एकाएकी बंदच झालं. म्हणजे चुका पूर्वीसारख्याच व्हायच्या, पण त्या सांगायला कुणी उरलं नव्हतं.

कामठी रोडलगतच्या त्या वस्तीत ते कित्येक वर्षं इमाम होते. नमाज पढवताना इमामाची कुराणातली एखादी आयत सुटली, तर मागे उभ्या असलेल्यानं तिथल्या तिथं ती मोठ्यानं म्हणायची आणि इमामानं पठणात मागे येऊन चूक सुधारायची, असा रिवाज आहे. त्याला लुकमा देणं म्हणतात. मौलानांना लुकमा द्यायचा जाबीर, अख्खं कुराण पाठ असलेला हाफिज. अत्तराचं दुकान चालवणारा, मदरशापासूनचा दोस्त, जिभेला हाड नसलेला. मौलाना चुकले की पहिल्या रांगेतून त्याचा खणखणीत आवाज आलाच म्हणून समजा. मौलानांना त्याचा कधी राग आला नाही. उलट पाठीशी जाबीर आहे म्हणून ते निर्धास्त पढवायचे.

निवडून आल्यावर मौलानांनी बेत काढला: आपली वस्ती आणि शेजारची बौद्ध वस्ती यांच्या मधल्या मैदानावर मोठा शादी हॉल बांधायचा. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. जाबीर तेवढा म्हणाला, "मैदान एकच आहे, मौलाना. ते गेलं त लेकरं खेळतीन कुठी?"

"हे मस्जिद नाही, जाबीर," मौलाना फटकन बोलले. "मधात काहून बोलून राहिला?"

चार लोक हसले. जाबीर चपला घालून निघून गेला.

त्या शुक्रवारी नमाज पढवताना मौलाना एका आयतीवर अडले. पुढचं काही केल्या आठवेना. सवयीनं ते थांबले. मशीद खचाखच भरली होती, जाबीर पहिल्या रांगेतच होता, पण कुणी ब्र काढला नाही. शेवटी मौलाना तसेच रुकूत वाकले.

नमाजेनंतर त्यांनी जाबीरला दारात गाठलं. "लुकमा काहून नाही दिला?"

"तुले आता चालत नाही म्हणून. आन मी रुसलो त रुसलो, बाकीचे हाफिज काहून चूप होते? लोक तुले भेऊन राहिले, तौकीर."

हे मौलानांच्या जिव्हारी लागलं. भेदरलेल्या माणसांचा नेता व्हायला ते निवडणुकीला उभे राहिलेच नव्हते.

रविवारी मैदानावर कुदळ मारायची होती. मंडप, हार, मौलानांच्या नावाची पाटी, सगळा थाटमाट तयार. मौलाना माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मी चुकत असेन तर आत्ताच सांगा." लोकांना वाटलं, भाषणाची रीत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी मौलाना तसेच उभे. मंडपात चुळबुळ सुरू झाली.

मागून एक बाई उठली. जया मेश्राम, दोन्ही वस्त्यांतल्या पोरींना ह्याच मैदानावर फुटबॉल शिकवणारी.

"तुमी चुकून राहिले, मौलाना." "हॉल आमालेबी पायजे. पण हे मैदान गेलं त ह्या पोरी घरात बसतीन. मंग एकमेकीले भेटतीन कुठी?"

"बस वं खाली!" एक कार्यकर्ता ओरडला.

मौलानांनी त्याला हातानंच गप्प केलं. "जयाताई, मग हॉल कुठं बांधावा?"

"नाल्यापलीकडं ते बंद पडलेलं गोदाम हाय ना."

मौलानांनी गळ्यातला हार काढला, कुदळ बाजूला ठेवली. "मी चुकलो होतो," ते माईकवर म्हणाले. "मैदान मैदानच राहील. हॉलसाठी गोदामाची जागा मागू." कार्यकर्त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. मौलानांना मात्र कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी नमाज पढवताना ते पुन्हा अडखळले. मुद्दाम नव्हे, वयच झालं होतं. त्यांनी श्वास घेतला न घेतला तोच मागून तीन आवाज एकदम आले, आणि त्यातला एकच जाबीरचा होता. ते मागे आले आणि ती आयत पहिल्यापासून पढले.