जाड काच

माणसाच्या आयुष्यात निर्णयाचा क्षण एकदाच येतो आणि त्या क्षणी तो जे ठरवतो त्यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहतं. इंजिनियरच्या आयुष्यात हा क्षण दर वर्षी यायचा, आणि दर वर्षी तो ठरवायचा की लॅपटॉप आत्ता घ्यायचा नाही.

त्यामागे विचार होता. आज घेतला आणि उद्या नवा आला तर आजचा घेणारा मूर्ख ठरतो. उद्याचा घेतला तर परवाचा घेणारा हसतो. तेव्हा शहाण्या माणसानं थांबावं. इमारतींचे सांगाडे किती वजन पेलतील याचा हिशोब करण्यात इंजिनियरचा जन्म गेला होता, आणि मूर्ख ठरण्याचं वजन आपल्याला पेलणार नाही, हा हिशोब त्यानं सर्वात आधी केला होता.

जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर कायम उघडा असायचा, कारण मिटला तर झाकण हातात यायचं. त्याचा पंखा सुरू झाला की आई शेजारच्या खोलीतून म्हणायची, "अरे, त्याला बसव जरा, धाप लागलीय."

अशा बेताच्या परिस्थितीत खाली पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या खांबाला भेग पडली.

त्या पाच मजली इमारतीत एक पद्धत होती. ज्याचा जो धंदा, तो त्यानं शेजाऱ्यांसाठी फुकट करायचा. दुसऱ्या मजल्यावरचे दातडॉक्टर सगळ्यांच्या दाढा बघत. पहिल्या मजल्यावरची वकीलबाई सगळ्यांची भांडणं बघे. भेग इंजिनियरच्या वाट्याला आली. फुकटच्या कामात एक सोय असते, घाई कर असं कोणी म्हणू शकत नाही. दातडॉक्टरांनी इंजिनियरच्या आईची दाढ काढायला दोन वर्षं लावली होती. शेवटी ती आपली आपणच पडली.

इंजिनियरनं किल्ली भेगेत घालून पाहिली. किल्ली आत गेली आणि आणखी आत गेली. मग त्यानं वर पाहिलं. पाच मजले, त्यात चौथ्यावर आपण, आपल्या डोक्यावर आणखी एक बिऱ्हाड आणि गच्चीवर पाण्याची टाकी. जिना चढता चढता त्यानं बोटांवर हिशोब केला. तो तिसऱ्या मजल्यावर पुरा झाला. चौथ्यावर तो जरा सावकाश चढला.

"काय निघालं?" बायकोनं दार उघडत विचारलं.

"अंदाजे काही बोलता येत नाही. सगळ्या इमारतीचा सांगाडा लॅपटॉपवर चढवावा लागेल."

"मग चढव."

त्यानं चढवला. लॅपटॉपनं निम्म्या इमारतीपर्यंत दम धरला, मग पडदा निळा झाला आणि पंखा थांबला. आई आतून म्हणाली, "गेला का?"

गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी उठला, निम्म्यापर्यंत आला, पुन्हा झोपला. कमिटीच्या बैठकीत इंजिनियरनं परिस्थिती मांडली. हिशोब करायला तगडा लॅपटॉप लागेल. तगडा लॅपटॉप बाजारात आहे. पण त्याहून तगडा लवकरच येतोय, असं त्याच्या मेहुण्याचं म्हणणं आहे. मेहुणा लॅपटॉपच्या दुकानात नव्हता, लॅपटॉपच्या कंपनीतही नव्हता, तो औषधं विकायचा. पण या विषयात त्याचा शब्द घरात शेवटचा मानला जायचा.

"तोवर धोका नाही ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"हिशोब झाल्याशिवाय धोका आहे असं मी म्हणू शकत नाही," इंजिनियर म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं. वाक्य खरं होतं, त्यामुळे त्यालाही थोडं वाटलं.

तोवर खबरदारी म्हणून त्यानं भेगेवर काच लावली. भेगेच्या दोन्ही काठांना चिकटवलेली आडवी पट्टी. भेग हलली तर काच तडकते, नाही हलली तर नाही. फोटोच्या जुन्या चौकटीतून त्यानं काच काढली होती. इमारतीतली माणसं येता-जाता तिच्याकडे बघू लागली आणि बघून निर्धास्त जिना चढू लागली. काच लावली म्हणजे काहीतरी केलं.

आठवड्याभरात काच मधोमध तडकली.

इंजिनियर तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मागून दातडॉक्टर स्कूटर काढत होते, तेही थांबले.

"इंजिनियरसाहेब, हे वाईट म्हणायचं का?"

"काच पातळ होती," इंजिनियर म्हणाला. "फोटोची काच. ती काय, पंख्याच्या वाऱ्यानंही तडकते."

"माझ्याकडे जाड आहे. दातात भरायचं सिमेंट जिच्यावर कालवतो ना, ती. दणकट आहे."

अशा रीतीनं जाड काच आली. ती इंजिनियरनं दोनदा काढून पुन्हा चिकटवली. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि आपल्या पेशंटांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "काही होत नाही." ती काच तडकली नाही. दिवस गेले, तडकली नाही. इंजिनियर रोज सकाळी खाली जाऊन तिला बघून यायचा. वर येऊन मेहुण्याला फोन लावायचा.

"भाऊजी, तारीख पुढे गेली," मेहुणा म्हणायचा. "पण ऐका माझं, आत्ता घेऊ नका. आत्ता घेणारा फसला."

घरात दुसऱ्या काही गोष्टी होत होत्या. न्हाणीघराचं दार लागेना. बायकोनं सुताराला बोलावलं, त्यानं दाराला रंधा मारून दिला. चार दिवसांनी पुन्हा लागेना. आईच्या हातून औषधाची गोळी सुटली की ती घरंगळत कोपऱ्यात जायची. पूर्वी ती कुठंही जायची. आता नेहमी त्याच कोपऱ्यात. "सापडते पटकन," आई म्हणाली. तिचे गुडघे गेले होते, चौथ्या मजल्यावरून ती कधीची उतरली नव्हती आणि उतरायची इच्छाही नव्हती. जिन्यात अधूनमधून भिंतीतून टक् असा आवाज यायचा, कोणी बोटं मोडावीत तसा. मुलं त्यावर पैजा लावायची.

एका दुपारी बायकोनं जेवणाची ताटं उचलली आणि समोर बसली.

"मला एक सांग. दुकानात आज जो लॅपटॉप आहे, त्यावर होईल हा हिशोब?"

"होईल."

"मग आज घे."

"पुढच्या महिन्यात नवा येईल तेव्हा काय?"

"तेव्हा आपण असू ना?"

इंजिनियरनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. पाणी एका बाजूला किंचित जास्त होतं. त्यानं पेला उचलून पिऊन टाकला.

"तू घाबरतोयस," बायको म्हणाली. "नव्याची वाट बघतोयस असं दाखवतोस, पण उत्तराला घाबरतोयस."

"उद्या मी म्हणालो घरं सोडा, आणि सगळे गेले, आणि इमारत उभीच राहिली, तर?"

"तर हसतील."

"तेच."

"आणि आईंना कुठं न्यायचं हे तुला माहीत नाही. मलाही नाही. पण म्हणून खांबाला ते कळणार आहे का?"

शेजारच्या खोलीतून गोळी घरंगळल्याचा आवाज आला आणि ती दोघं तो थांबेपर्यंत ऐकत राहिली.

अखेर तारीख आली. दुकानासमोर सकाळपासून रांग होती. लोक खुर्च्या घेऊन आले होते, एकानं उशी आणली होती. इंजिनियर त्यांच्यात उभा राहिला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला आपल्यासारख्या माणसांत आल्यासारखं वाटलं. पुढचा माणूस सांगत होता की तो सहा वर्षं थांबला. इंजिनियरनं त्याच्याकडे आदरानं पाहिलं.

तो काउंटरजवळ पोचत होता तेव्हा बायकोचा फोन आला.

"जाड काच तडकली."

"कुठून?"

"कुठून काय? दोन तुकडे झालेत. एक खाली पडलाय. आणि आपलं दार उघडत नव्हतं, डॉक्टरांनी बाहेरून खांदा मारून उघडलं. ते इथंच आहेत, विचारतायत काय करायचं."

"मी संध्याकाळपर्यंत हिशोब करून—"

"तो नको. जिन्यात केला होतास तो सांग. बोटांवरचा. केला होतास ना? त्या दिवशी वर आलास तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता."

रांग पुढे सरकली. इंजिनियरही सरकला. आयुष्यात त्यानं कधी अंदाजानं एकही गोष्ट सांगितली नव्हती. हळदीची बरणी किती भरलीय विचारलं तरी तो उठून बघून यायचा.

"पडेल," तो म्हणाला. "तो कोपरा धरून पडेल. सगळ्यांना काढ. आईला उचलून आणा."

"बरं," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं त्याला हाक मारली. तो तसाच निघून जाणार होता, निदान नंतर सगळ्यांना त्यानं तसं सांगितलं. पण नंबर लागला होता.

तो पोचला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली होती. समोरच्या फुटपाथवर सगळी इमारत उभी होती, म्हणजे माणसं. कोणाच्या हातात कुकर, कोणाच्या हातात कपड्यांचा गठ्ठा. दातडॉक्टरांनी आईला पाठीवरून उतरवलं होतं आणि ते कमरेवर हात ठेवून वाकून उभे होते. आई त्यांच्या दवाखान्यातल्या स्टुलावर बसून कित्येक वर्षांनी आपली इमारत समोरून बघत होती. बायकोनं माणसं पुन्हा पुन्हा मोजली आणि मग त्याच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं.

वकीलबाई म्हणाल्या, "उभी तर आहे की."

कोणीतरी हसलं. इंजिनियरला ते हसू बरोबर जिथं लागायचं तिथं लागलं.

मग टक् झालं, जिन्यात व्हायचं तसं, फक्त मोठं. कोपरा आधी खाली बसला, कोणी थकून बसावं तसा सावकाश. त्याच्या पाठोपाठ बाल्कन्या एकीवर एक आल्या, आणि चौथ्या मजल्याचं स्वयंपाकघर क्षणभर उघडं दिसलं, त्यात टेबल, टेबलावर उघडा लॅपटॉप. नंतर धूळच होती. गच्चीवरची टाकी कुठंतरी फुटली आणि पाण्याचा लोट दोरीखालून त्यांच्या चपलांपर्यंत आला.

धूळ बसायला वेळ लागला. कोणी रडत होतं, कोणी फोन लावत होतं. इमारतीचे सगळे नकाशे, मापं आणि निम्म्यापर्यंत झालेला हिशोब जुन्या लॅपटॉपवर होता. इंजिनियर फुटपाथच्या कडेला बसला. काय करावं ते न सुचून त्यानं मांडीवरचं खोकं उघडलं.

आईनं पदरानं डोळे पुसले आणि वाकून पाहिलं.

"ह्याच्यासाठी थांबला होतास?"

"हो."

"काय नवीन आहे ह्यात?"

त्यानं खोक्यातला कागद काढला, झटकला आणि दोन्ही बाजूंनी वाचला.

"रंग," तो म्हणाला. "बाकी गेल्या वर्षीचंच आहे."