पहिल्या बाकावरचा गुरुवार

मित्रांनो, कोर्टात न्यायाधीश उंचावर बसतात, वकील खुर्च्यांवर बसतात आणि ज्यांच्या पोटात गोळा आलेला असतो ते माझ्यावर बसतात. मी अमेरिकेतल्या हॅलोवे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातला पहिला बाक. वयाने जुना, जुन्या पाइनच्या गाभ्याचा आणि स्वभावाने जरा चिडका. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मला अमोस टूल नावाच्या सुताराने घडवलं. त्याने जन्मभर चर्चचे बाक केले होते, म्हणून माझी पाठही त्याने तशीच ताठ ठेवली. माझ्यावर बसून कुणाला डुलकी लागायची नाही. पण या कडक माणसाने एक गोष्ट मायेने केली. बसायच्या फळीची खालची बाजू, जी कुणालाच दिसत नाही, तीही त्याने रंधा मारून गुळगुळीत केली. घाबरलेल्या माणसाची बोटं फळीखाली जातात, हे त्याला ठाऊक होतं. तिथे कुसळ टोचू नये एवढीच त्याची काळजी.

तेव्हा आमचं कोर्ट फिरतं होतं. चार काउंट्यांना मिळून एकच न्यायाधीश. ते आमच्या गावी आले की खून, दरोडे, काडीमोड, बांधावरची भांडणं, सगळ्यांचा निकाल त्याच आठवड्यात लागायचा. माझ्या एका टोकाला मारणाऱ्याची आई बसायची आणि दुसऱ्या टोकाला मेलेल्याची. दोघींचं वजन मी एकाच वेळी पेललं आहे. एका विधवेला तिच्या दिरांनी बळकावलेली जमीन इथेच परत मिळाली, तेव्हा ती माझ्यावरून उठेचना. एक म्हातारे न्यायाधीश तर जाता-येता माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "या कोर्टात सरळ असा हा एकटाच." मी आपला फुगून जायचो.

त्या कोर्टाला एकच प्रश्न माहीत होता. केलंस की नाही? तो प्रश्न विचारावाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे ओल होती, अंधार होता. माझा एक पाय उभा चिरला. वर कुणाला जन्मठेप झाली, कोण सुटलं, काही कळत नसे. लोक मला विसरले याचं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला वर आणलं ते होयटने. होयट म्हणजे कोर्टाचा हवालदार. खिशात कायम उकडलेल्या शेंगा, आणि सालं मात्र दुसऱ्याच्या टेबलावर. गुरुवारी एक नवीन कोर्ट भरायला लागलं होतं आणि खुर्च्या कमी पडत होत्या. होयटने माझ्या चिरलेल्या पायाला लोखंडी पट्टी ठोकली आणि सगळ्यांना बजावलं, "फार जण बसू नका रे यावर. म्हातारा मोडेल."

गुरुवारचं कोर्ट पाहून मी आधी नाक मुरडलं. अहो, तिथे कुणाचा अहवाल चांगला आला की लोक टाळ्या वाजवत होते! कोर्टात! न्यायाधीश ओगलट्रीबाई सोमवारी ज्या आवाजात वीस वर्षांची शिक्षा सुनावत, त्याच आवाजात गुरुवारी विचारत, "तो दुखरा दात काढलास का?" हे सगळे नशेपायी गुन्हा केलेले लोक. गुन्हा कबूल करून, तुरुंगाची शिक्षा डोक्यावर टांगती ठेवून, ते इथे उपचार घ्यायचे. नीट पार पडले तर शिक्षा जायची. मधेच घालवले गेले, तर त्याच दारातून थेट तुरुंगात.

नियम कडक होते. प्रत्येकाला एक रंग दिलेला. रोज पहाटे फोन लावायचा आणि आज कोणता रंग निघाला ते ऐकायचं. आपला निघाला तर संध्याकाळच्या आत तपासणीला जायचं आणि कुणाच्या तरी डोळ्यांदेखत कपात लघवी द्यायची. गेला नाहीत तर नापास. नमुना पाण्यासारखा पातळ निघाला तरी नापास, कारण भरपूर पाणी पिऊन नशा लपवता येते.

आणि सगळ्यांच्या वर एक नियम. ओगलट्रीबाई तो दर गुरुवारी म्हणून दाखवत. "चुकलात तर सांगा. खरं सांगणाऱ्याला दोन दिवस आत बसावं लागेल. खोटं बोलणाऱ्याला मात्र इथे जागा नाही."

ज्याचा अहवाल वाईट, त्याला माझ्यावर बसवत. एकट्याला. त्याचं नाव सर्वांत शेवटी पुकारायचं. बाकीचे तर मला वळसा घालून जात, माझा स्पर्शसुद्धा नको त्यांना. कुणी महारोग्याकडे पाहावं तसे पाहायचे माझ्याकडे. मी काय पाप केलं होतं?

पीच ऐन भरात असतानाच्या एका गुरुवारी माझ्यावर रेनी स्टब्स येऊन बसली. पीचच्या पेट्या भरण्याच्या शेडमध्ये ती काम करायची. ऑपल नावाची तिची लहान मुलगी रेनीच्या मावशीकडे होती. दोघींची भेट फक्त रविवारी. शाळा सुरू झाली की ऑपल आईकडे परत येणार, असं ठरलं होतं. पण रेनीचा नमुना दुसऱ्यांदा पातळ निघाला होता, आणि सरकारी वकिलाने तिला घालवून देण्याचा अर्ज केला होता. म्हणजे पाच वर्षं तुरुंग. ऑपल तोवर केवढी झाली असती!

कोर्ट भरायच्या आधी डब तिच्या मागे येऊन वाकला. डब म्हणजे छपरं शाकारणारा धिप्पाड गडी. तोही याच गुरुवारातला.

"रेनी, ऐक माझं. बाई विचारतील तेव्हा सरळ 'हो, घेतली' म्हण. शनिवार-रविवार आत काढ, सोमवारी पेट्या भरायला जा. 'नाही' म्हणालीस की संपलं."

"पण मी घेतलीच नाही, डब."

"मला ठाऊक आहे गं. पण त्या कपाला कुठे ठाऊक आहे?"

"शेडमध्ये भट्टी पेटलेली असते रे नुसती. आणि ती तपासणीवाली बाई समोर उभी राहून टक लावून बघते, मला होतच नाही. म्हणून पाणी पीत बसले, दुसरं काय!"

"हे बाईंना सांगशील? सगळे हेच सांगतात. ज्यांनी घेतली तेही हेच सांगतात."

रेनीने तोंड पुढे वळवलं. तिची बोटं माझ्या फळीखाली गेली आणि अमोसने गुळगुळीत केलेली जागा तिने घट्ट धरली.

त्या दिवशी इतरांच्या टाळ्या कधी झाल्या ते मला आठवत नाही. शेवटी होयटने नाव पुकारलं. कुणाला घालवायचं असेल तर गुरुवारीही सोमवारची रीत पाळावी लागते. शपथ, वकील, जबानी, सगळं. रेनीने हात वर करून शपथ घेतली.

"रेनी, या महिन्यात तू नशा केलीस का?" ओगलट्रीबाईंनी विचारलं.

तिने एकदा मागे डबकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, बाईसाहेब."

मागे डबने सुस्कारा सोडला. सरकारी वकिलाने मान हलवली आणि लेखणी खाली ठेवली. पण बाईंनी पुढे विचारलं, "काय घेतलंस?"

"ते... आधी घ्यायचे तेच."

"कुठे?"

"गाडीत बसून."

"कुणाच्या?"

"माझ्याच, बाईसाहेब."

ओगलट्रीबाईंनी चष्मा काढला. "तुझी गाडी मार्चपासून मावशीच्या अंगणात विटांवर उभी आहे. चाकं विकलीस, असं तूच सांगितलंस मला. शेडला पायी जातेस म्हणून मी तुला बूट घ्यायला लावले होते."

रेनीचा वकील उठायला लागला, पण बाईंनी हातानेच त्याला बसवलं.

"तू शपथेवर आहेस, रेनी. पुन्हा विचारते."

"नाही घेतली!" ती एकदम रडायलाच लागली. "मुळीच नाही घेतली. पण 'नाही' म्हटलं तर तुम्ही मला घालवणार, आणि 'हो' म्हटलं तर ऑपल मिळणार. मग मी काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!"

सरकारी वकील उभा राहिला. तो काही दुष्ट माणूस नव्हता, आपलं काम करत होता. "बाईसाहेब, म्हणजे आता त्या शपथेवर खोटं बोलल्याचंही मान्य करताहेत. इथला नियम तर आपण दर आठवड्याला सांगता."

आणि नियम तसाच होता, मित्रांनो. खोटं बोलणाऱ्याला इथे जागा नाही. होयटचा हात कमरेच्या बेड्यांकडे गेला, आणि त्याचा चेहरा मला बघवेना.

"तिला मी शिकवलं!" मागून डब ओरडला.

"डब, खाली बस," होयट म्हणाला.

"बसतो. पण तिकडे बसतो." तो तरातरा पुढे आला आणि माझ्यावर धपकन बसला. माझा पट्टीचा पाय कुरकुरला. "बाईसाहेब, गेल्या हिवाळ्यात माझा कप पातळ निघाला होता. मी 'हो' म्हणालो. तुम्ही दोन दिवस आत टाकलंत आणि खरं बोललो म्हणून माझं कौतुक केलंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." त्याने मान खाली घातली. "मी घेतली नव्हती तेव्हा."

मागच्या रांगेतून केस पिकलेली एक बाई उठली आणि येऊन डबशेजारी बसली. "मीसुद्धा," एवढंच ती म्हणाली. मग एक पोरगेला न्हावी आला. त्याने काही कबूल केलं नाही. तो नुसता बसला. मग आणखी दोघं आले. सरकून सरकून त्यांनी मधोमध रेनीची जागा मोकळी ठेवली. इतकी माणसं माझ्यावर एकत्र कधीच बसली नव्हती. चीर वर सरकत असल्याचं मला कळत होतं. होयटने बेड्यांवरचा हात काढून तोंडावर धरला. मी अंगातला सगळा गाभा एकवटला. आज मोडायचं नाही, म्हटलं. आज नाही!

मी मोडलो नाही.

"म्हणजे इतके दिवस," ओगलट्रीबाई सावकाश म्हणाल्या, "मी 'हो' ऐकलं की टाळ्या वाजवत होते."

त्यांचा आवाज मला प्रथमच थकलेला वाटला. मग त्या सरसावून बसल्या. रेनीच्या दंडावर घामातली नशा दाखवणारी पट्टी लावायची. कितीही पाणी प्यायलं तरी ती फसत नाही. निकाल येईपर्यंत अर्ज थांबवायचा. "आणि खोटं बोलल्याबद्दल रेनी, डब आणि 'मीसुद्धा' म्हणणाऱ्या तुम्ही, पुढचे तीन गुरुवार याच बाकावर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"आणि रविवार, बाईसाहेब?" रेनीने विचारलं.

"रविवार तुझाच आहे."

पुढचा गुरुवार निकालाविना गेला. रेनीला खात्री होती, तरी ती घाबरलेलीच होती. एकदा कपाने दगा दिल्यावर पट्टीवर तरी विश्वास कसा ठेवायचा? त्याच्या पुढच्या गुरुवारी ओगलट्रीबाईंनी कागद उघडला, वाचला आणि पुन्हा वाचला. माझ्या फळीखाली रेनीची बोटं होती आणि तिच्या बोटांशेजारी डबची.

"स्वच्छ," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?" रेनीने विचारलं.

"म्हणजे ऑपलचं दप्तर घे जा."

टाळ्या वाजल्या. त्या वेळी मी नाक मुरडलं नाही. त्याच दिवशी बाईंनी नियमही बदलला. पातळ नमुना निघाला तर माणूस नापास नाही, त्याची दुसरी तपासणी करायची. आणि कुणी 'हो' म्हणालं, तरी तेही पडताळून पाहायचं.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी काहीतरी मागायचं असतं म्हणे. मला पॉलिश नको. खाली चिकटवलेलं च्युइंग गम काढलंत तर उपकार होतील, पण तेवढ्यासाठी मी बोलायला बसलो नाही.

परवाच्या गुरुवारी एक नवीन मुलगी आली. अहवाल वाईट होता. ती माझ्या टोकाला अंग चोरून बसली. रेनीचा उपचार केव्हाच पूर्ण झालाय, शिक्षा गेली, तरी अधूनमधून ती येते. ती होयटच्या खिशातल्या शेंगा न विचारता घेऊन पुढे आली आणि त्या मुलीला अगदी खेटून बसली.

"काय म्हणू मी बाईंना?" मुलीने कुजबुजत विचारलं.

"आधी मला सांग, काय झालं ते," रेनी म्हणाली. "घाई नाही. शेंगा खा."

मुलीची बोटं फळीखाली गेली आणि तिथे तिला कुसळ टोचलं नाही. तुमच्याही शाळेत, गल्लीत, घरात असा एखादा पहिला बाक असेल, जिथे चुकलेल्याला एकट्याला बसवतात. तिथे जाऊन बसा. तो मोडेल म्हणून घाबरू नका. माझ्या पायाला पट्टी आहे, चीर आहे, तरीही माझ्यावर अजून जागा आहे.