नथू ड्रायव्हरची गाडी

विळा विकत आणला की गवत कापायच्या आधी दुकानदाराला विचारावं लागत नाही. दर वेळी गवत कापताना तो येऊन आपल्या ओट्यावरही बसत नाही. हे मला कळतं, माझ्या तिसरीच्या वर्गातल्या पोरांना कळतं. कॉम्प्युटरचे खेळ विकणाऱ्या शहाण्यांनाच तेवढं कळत नाही, म्हणून माझं डोकं फिरतं.

खेळ मी माझ्यासाठी आणला नव्हता. माझे बाबा, नथू ड्रायव्हर, कल्याण–आळेफाटा एसटी चालवायचे. माळशेज घाटातलं प्रत्येक वळण त्यांच्या मनगटात होतं. मग साखरेच्या आजारात उजव्या पायाची बोटं काढावी लागली आणि गाडी सुटली. टोकावड्याच्या घरात ते दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. जाणाऱ्या एसटीचा गिअर चुकला की कळवळून एक शिवी हासडायचे, तेवढंच काय ते बोलणं. म्हणून मी बस चालवायच्या खेळाची डिस्क मागवली आणि सोबत टेबलाला लावायचं प्लास्टिकचं स्टिअरिंग. ब्रेकसुद्धा हाताशी, पायाचं काम नाही.

चोरीची डिस्क कल्याणच्या फुटपाथवर मिळत होती. पण विनातिकीट काही घरात आणायचं नाही, हा बाबांचा नियम. मी अस्सल घेतली.

अख्खा खेळ त्या डिस्कवर होता. तरी पडद्यावर हुकूम आला की आधी इंटरनेटवरून कंपनीचा वेगळा प्रोग्राम उतरवून घ्या. तोच खेळ बसवणार, तोच वेळोवेळी दुरुस्त करणार, आणि तो इंटरनेटला जोडून चालू असल्याशिवाय खेळ उघडणार नाही. वस्तू माझी, पैसे माझे, आणि मध्ये हा दलाल. आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुथत कुथत यायचं. अर्धं उतरलं की वीज जायची आणि दलाल पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आठवडाभर हेच. बाबा शेजारी स्टिअरिंग धरून बसलेले.

"टायर बदलायला बी येवढा टाइम लागत नाय," ते म्हणाले.

शेवटी मी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला आणि एसटीने मुरबाडला नेला. तिथे जगदीशचं सायबर कॅफे होतं. जगदीश वैशाखऱ्याचा, माझ्याबरोबर शिकलेला. त्याच्या फास्ट लाइनवर सगळं भराभर उतरलं. मग दलालाने ई-मेल विचारला.

इथे आम्ही माती खाल्ली. घरोघर फोन नव्हते तेव्हा आमची सगळी आळी वाण्याचा नंबर 'पी.पी.' म्हणून द्यायची. फोन आला की वाणी हाक मारायचा. ई-मेल आल्यावर आम्ही तेच केलं. भरती असो की परीक्षेचा निकाल, पत्ता जगदीशचा. उत्तर आलं की तो ते छापून कंडक्टरच्या हाती पाठवायचा. त्या दिवशीही मी म्हटलं, "तुझाच टाक." जगदीशचं त्या कंपनीकडे आधीपासून खातं होतंच. आमचा खेळ त्याच्या नावाला कायमचा चिकटला, हे दोघांनाही कळलं नाही.

घरी बाबांनी ट्रंकेतून खाकी शर्ट काढून घातला. रस्ता परदेशातला, गाड्या उजव्या बाजूने, त्यावरून त्यांनी शिव्या घातल्या. मग घाट लागला. वळणावळणाला हॉर्न, उताराला खालचा गिअर.

"हितं कडेला दाबायची नाय गो, मागचं चाक खाली जातं. मी पावसात पन इथून काढलेली हाय, पुरी भरलेली."

कित्येक महिन्यांत बाबा माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मला रडूच आलं.

आणि घाटाच्या मध्यावर पडदा काळा. 'हे खातं दुसऱ्या ठिकाणी उघडलं आहे.' पुन्हा चालू केलं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी जगदीशला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "माझ्या बाबांना उतरवून तू गाडी चालवतोस?"

"मी नाय गो, मेघा. कॅफेत पोरं बंदुकीचा खेळ खेळतात, तो त्याच खात्यावर हाय. एका नावावर एकच मानूस आत राहतो." मग म्हणाला, "पोरांच्या खेळावरच माझं भाडं सुटतं. बाबांना सकाळी चालवू दे ना, मी कॅफे उघडायच्या आधी."

"सकाळी आमच्याकडे लाइट नसते."

त्याने बिचाऱ्याने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की एकदा नोंदलेला खेळ दुसऱ्याच्या नावावर होत नाही, नवीन विकत घ्या, आमच्यावरील विश्वासाबद्दल आभार. खाली कोणाचं नाव नाही. मी कोणाच्या अंगावर धावून जाणार होते? एसटीत निदान समोर कंडक्टर असतो, त्याची कॉलर धरता येते. इथे आभार मानून थोबाडीत मारतात आणि हात कोणाचा तेही दिसत नाही. त्या रागाने मला जेवण गेलं नाही.

मी बाबांना सगळं सांगितलं. ते शर्टाची बटणं सोडत होते.

"तिकीट आपलंच हाय ना?"

"आपलंच, बाबा. पूर्ण पैसे भरलेत."

"तिकीट काढलेल्या मानसाला मी कधी वाटंत उतरवला नाय," ते म्हणाले. "दारू पिऊन आलेल्याला बी नाय."

शर्टाची घडी त्यांनी ट्रंकेत ठेवली आणि खुर्ची पुन्हा रस्त्याकडे फिरवली. संध्याकाळची आळेफाटा एसटी चढाला लागली. आमच्या दारासमोर तिचा गिअर चुकला, खर्र करून आवाज झाला.

बाबांनी शिवीसुद्धा हासडली नाही.